पाठपोट

मशीनला पाठ कळत नाही, पोटही नाही.
आपण सांगायचं, लांब कडेवर उलट,
ते उलटतं.
आखूड कडेवर सांगितलं तेव्हा
अख्खा वद्य पक्ष डोक्यावर उभा राहून आला.
ती चूक माझी. सकाळचीच.

वेंगुर्ल्याच्या बंदराकडे, मच्छीमार सोसायटीच्या माडीवर
साडेदहापासून आम्ही दोघं
चार मिलिमीटरवरून भांडतोय.

कार्ड तसं साधं.
पोटावर शुद्ध, पाठीवर वद्य,
भरती, सुकती, पाण्याची उंची.
एका कागदात चार कार्डं, मग कटरखाली.
होडीवाले ती प्लास्टिकात घालून
लुंगीच्या गाठीशी बाळगतात.
पण पोट रेषेवर कापलं
की पाठीची कड जाते,
आणि वद्य नवमीच्या ५.४७ मधला
७ टेबलाखाली पडतो.

गेल्या महिन्याचं कार्ड घेऊन
रुपाजी खवणेकर जिना चढून आले होते.
"बाये, पाच आनि चार?
ही भरतीची येळ, काय बांगड्याचो भाव?"
हसलो सगळे. मग ते हसायचे थांबले,
मीही.

ट्रे बाहेर ओढला.
गठ्ठ्याचे कान धरून झुलवला, हवा खेळवली,
बाजूच्या निळ्या पट्ट्या कागदाला नुसत्या टेकवल्या.
दाबल्या की कागद पोक काढतो.
चाचणीचा कागद काढला:
चार कोपऱ्यांत अधिकच्या खुणा, दोन्ही अंगांनी.
खिडकीच्या काचेला लावला,
तर उजेडात प्रत्येक कोपऱ्यात दोन दोन,
शेजारी नांगरलेल्या डोलकाठ्यांसारख्या.

मागची बाजू, आडवी, उणे चार.
वरच्या जुळल्या. खालच्या नाहीत.
उणे साडेतीन.
खालच्या जुळल्या, वरच्या हलल्या.
उणे पावणेचार करताना वाटलं
आता मीच हलतेय.

कुडाळला एजन्सीत बावतीस डायसला फोन लावला.
त्यानं मशीनचं नावसुद्धा काढलं नाही.
"कागद खंय ठेवतंस?"
खिडकीखाली. रीम फोडून.
"मगे तो दर्यो पिता."

मग सावकाश, मागे कुणाचं तरी मशीन खडखडत असताना,
त्यानं सांगितलं:
पहिल्या बाजूला कागद तापल्या रोलरखालून जातो,
प्यालेलं पाणी तिथं सोडतो,
केसभर आकसतो.
आणि उलटून परत येतो तो
तेवढाच राहिलेला नसतो.
मशीन मात्र पाठीवर छापतं
पोटाच्याच मापानं.
"मशीन खोटा बोलना नाय, बाये.
तेका कोणी सांगूकच नाय."

फोन ठेवून मी थोडा वेळ
नुसती त्या पेटीसमोर उभी राहिले.
मघाशी तिला एक चापट मारली होती,
झाकणावर.

लेजरच्या लोखंडी कपाटात
बुरशीसाठी चाळीसचा बल्ब रात्रंदिवस जळतो.
खालच्या खणातली पावतीपुस्तकं हलवून
तिथं नवी रीम ठेवली, वेष्टणासकट.
लागतील तेवढेच कागद काढायचे, कोमट कोमट.
मागच्या बाजूचं माप शंभराचं
नव्व्याण्णव पूर्णांक सात केलं.
पंखा बंद. घाम कागदावर पडू नये म्हणून
पदर खांद्याला खोचला.

सातव्या चाचणीत तीन कोपरे एक झाले.
चौथा अजून किंचित डावीकडे.
त्याला तसाच सोडला.
चेअरमनना सांगितलं, आकडे काठापासून
थोडे आत घेते. ते म्हणाले, घ्या.

तीनशेवीस कार्डं. संध्याकाळपर्यंत कापून झाली.
खवणेकरांनी पुढची बाजू बघितलीच नाही,
थेट उलटं केलं, नखानं ओळ धरली,
आणि काही न बोलता
गाठीला मारलं.

ते गेल्यावर टेबल सरकवून केर काढला.
चिंचोळ्या पट्ट्या निघाल्या,
भिंतीकडे गोळा झालेल्या, दमट, टोकाला मुडपलेल्या:
सात, दोन, सात, नऊ.
गेल्या महिन्यातली मिनिटं.
सुपलीत भरली, तरी टाकवेनात,
तेवढ्यात दिवे गेले.